ठाकुर्लीच्या वैद्यांचं पाणी

रतनताई पाण्याचे ग्लास टीपॉयवर ठेवून आत गेल्या आणि सहदेवराव पेडणेकरांनी आपला ग्लास हळूच जरा लांब सरकवला.

दिव्याहून ठाण्याच्या वर्तकनगरला, लेकीच्या सासरी, ते आज पहिल्यांदाच जेवायला आले होते. प्राचीच्या लग्नाला दोन-तीन महिने झालेले. समोरच्या खुर्चीत व्याही गोपीनाथराव दळवी पाय लांब करून बसले होते. जावई सुदेश श्रीखंड आणायला खाली गेला होता. प्राची, तिची सासू रतनताई आणि सहदेवरावांच्या पत्नी कलावतीबाई अशा तिघी स्वयंपाकघरात होत्या, आणि आतून तळणीचा वास येत होता. सगळं कसं छान चाललं होतं. फक्त तो फुलाफुलांचा पाण्याचा ग्लास समोर होता.

सहदेवरावांना गेल्या दोन वर्षांत दोनदा कावीळ झाली होती. दिव्यात राहायचं म्हणजे पाण्याशी रोज नव्याने ओळख करून घ्यावी लागते. आज नळाचं, उद्या टँकरचं, परवा शेजाऱ्यांच्या पिंपातलं. दुसऱ्या काविळीनंतर डॉक्टरांनी सांगितलं, "पेडणेकर, आता तिसऱ्यांदा आलात तर मी तुम्हाला ओळखणार नाही." त्यावर मुलाने, साईनाथने, ट्रेकला न्यायची त्याची पाणी गाळायची बाटली वडिलांना दिली. एकात एक बसणारी दोन भांडी होती ती. बाहेरच्या भांड्यात पाणी ओतायचं आणि आतलं भांडं वरून दाबायचं. त्याच्या तळाला गाळणी होती. जंतू, गाळ, जे काय असेल ते खाली राहायचं आणि स्वच्छ पाणी वर यायचं. कुठल्याही ओढ्याचं पाणी प्या, असं साईनाथ म्हणायचा. दाबायला मात्र ताकद लागायची. साईनाथ एका हाताने दाबायचा. सहदेवरावांना बाटली जमिनीवर ठेवून, दोन्ही पावलांत घट्ट धरून, वरून अख्खं अंग टाकावं लागायचं.

घरून भरून आणलेलं पाणी नितीन जंक्शनच्या सिग्नललाच संपलं होतं. तिथेच रिक्षात कलावतीबाईंनी बजावलं होतं.

"पाणी बाटलीतलंच प्यायचं. आणि कुणाला दिसता कामा नये."

"दोन्ही एकदम कसं जमेल?"

"जमवा. मुलीच्या सासरचं पाणी तुम्हाला चालत नाही असं झालं, तर तिला जन्मभर ऐकावं लागेल. आणि त्यातून दिव्याच्या माणसाला ठाण्याचं पाणी चालत नाही! लोक हसतील."

सहदेवराव ग्लासाकडे बघत बसले होते, तेवढ्यात गोपीनाथरावांचा मोबाईल वाजला. हॉलमध्ये रेंज नीट यायची नाही, म्हणून ते उठून गॅलरीत गेले. उठताना त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले, "आई गं" म्हटलं आणि मग लंगडत गेले. एवढा वेळ पुरेसा होता. सहदेवरावांनी पिशवीतून बाटली काढली, ग्लास तिच्यात रिकामा केला, बाटली सोफ्याखाली पायांत धरली आणि दाबली.

एरवी बाटलीचा आवाज थोडासाच यायचा. पण वर्तकनगरचं पाणी बाहेर पडताना फुर्रर्र… फुस्स असं काहीतरी बोललं, आणि त्याच क्षणी गोपीनाथराव गॅलरीतून आत आले.

त्यांनी पाहिलं की व्याही सोफ्यावर दुमडलेले आहेत, तोंड लालबुंद झालं आहे आणि दोन्ही हात पायांच्या मध्ये आहेत.

"काय झालं पेडणेकर? पोटात दुखतंय?"

गोपीनाथराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर माइकवरून गाड्यांच्या वेळा सांगितल्यामुळे घरातली साधी गोष्टही ते चार फलाटांना ऐकू जाईल अशी विचारत. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"नाही नाही," सहदेवराव घाईघाईने म्हणाले. "औषध आहे हे. औषध."

"औषध? असं दाबून?"

"घुसळावं लागतं. प्यायच्या आधी."

"कसलं औषध?"

सहदेवरावांनी आयुष्यात खोटं असं फारसं बोललेलं नव्हतं. चांगुलपणा हे कारण नव्हतं. त्यांना पुढचं सुचायचंच नाही. आत्ताही काही सुचेना. त्यांची नजर जमिनीवरून फिरत फिरत समोर आली आणि जिथे थांबली, त्या जागेचं नाव त्यांनी घेतलं.

"गुडघ्याचं."

ती जागा म्हणजे गोपीनाथरावांचा गुडघा होता.

"गुडघ्याचं!" गोपीनाथराव खुर्चीत बसायचं विसरले. "अहो, मग एवढा वेळ गप्प कसे बसलात? मी इथे चार वर्षं तेलं चोळतोय! कोणाचं औषध?"

"ठाकुर्लीला एक वैद्य आहेत."

"नाव?"

"नाव… नाव लावत नाहीत ते."

"नावच लावत नाहीत!" गोपीनाथरावांनी मान डोलावली. "म्हणजे खरा माणूस. पाट्या लावणारे सगळे लुबाडणारे असतात. द्या बघू इकडे."

सहदेवरावांना बाटली मागे घेता आली नाही. गोपीनाथरावांनी स्वतःच्या घरचं, स्वतःच्या नळाचं पाणी तोंडात घोळवलं, डोळे मिटले आणि गिळलं.

"चव नाही."

"नसते."

"वास नाही."

"नसतो."

"म्हणजे भेसळ नाही. पथ्य काय?"

हा प्रश्न सहदेवरावांना सोपा गेला, कारण काविळीचं पथ्य त्यांना पाठ होतं. तळलेलं कमी, बाहेरचं बंद, दिवसभर थोडं थोडं पाणी. औषध त्या पाण्यातच घ्यायचं, असं त्यांनी वर जोडलं. आणि एवढ्याशा पथ्यावर व्याह्यांचा विश्वास बसणार नाही असं वाटून, "सकाळी चालायचं. चालल्याशिवाय लागू पडत नाही," असंही सांगून टाकलं.

गोपीनाथरावांनी त्या दिवशी समोर आलेली तळलेली पापडी परत पाठवली. जेवण झाल्यावर ते उठले, आणि उठताना खुर्चीचे हात धरायचं विसरले. मधेच उभं राहून त्यांनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"बघा!" ते ओरडले. "सुदेश, बघ! आई गं म्हटलं नाही मी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा सहदेवराव दाढी करत होते. फोन कलावतीबाईंनी घेतला, पण त्यातला आवाज त्यांना आरशासमोर उभं राहूनही स्वच्छ ऐकू आला.

"वहिनी, पेडणेकरांना सांगा, उपवनपर्यंत गेलेलो! तळ्याला फेरी मारून आलो! कुठे बसलो नाही! औषध रविवारपर्यंत पाठवा म्हणावं!"

कलावतीबाईंनी फोन ठेवला आणि काल रात्री सहदेवरावांनी टाळलेला प्रश्न घेऊन मोरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कसलं औषध?"

सहदेवरावांनी अर्ध्या दाढीतच सगळं सांगितलं. कलावतीबाईंनी पदर तोंडाला लावला. हसतायत की चिडल्यायत ते सहदेवरावांना कळेना.

"बाटली द्यायची मग त्यांना."

"आणि मी काय पिऊ? शिवाय बाटली दिली की त्यांना कळणारच. खाली छापलंय, पाणी गाळण्याचं साधन म्हणून."

"मग इथून भरून नेणार? आपल्याकडचं टँकरचं पाणी? ठाण्याला?"

"गाळलेलं असेल ना."

"अहो, पण आपल्याकडे पाणी एक दिवसाआड येतं आणि त्यांच्याकडे नळाला चोवीस तास असतं. ही कसली उलटी गंगा?"

पण दुसरा मार्ग कुणालाच सुचला नाही. खरं सांगावं, तर मुलीच्या सासरचं पाणी टाळलं आणि वर व्याह्यांना खोटं सांगितलं, असे दोन गुन्हे झाले. औषध संपलं म्हणावं, तर व्याही स्वतः ठाकुर्लीला येऊन वैद्यांना शोधतील, इतका त्यांचा उत्साह होता. "एकदा देऊ," सहदेवराव म्हणाले. "चार दिवसांत गुडघा पुन्हा दुखेल. मग त्यांचाच विश्वास उडेल."

गुडघा दुखला नाही. रोज सकाळी चालल्यावर, तळलेलं सोडल्यावर आणि दिवसभर पाणी प्यायल्यावर तो दुखेल कसा, हे सहदेवरावांच्या नंतर लक्षात आलं. तोपर्यंत दर रविवारी दोन बाटल्या वर्तकनगरला पोचवायचा रिवाज पडून गेला होता. शनिवारी संध्याकाळी सहदेवराव मोरीत स्टुलावर बसत, टँकरचं पाणी ओतत आणि अंग टाकून दाबत. फुर्रर्र… फुस्स. एका बाटलीला असं कितीतरी वेळा दाबावं लागे. भरलेल्या बाटल्या ते जुन्या कापडात गुंडाळत, कारण नुसती बाटली औषधासारखी दिसत नव्हती.

एका रविवारी तळमजल्यावरच्या जाईबाईंनी त्यांना जिन्यात अडवलं.

"पेडणेकर, पाणी घेऊन चाललात? बाहेर?"

"मुलीच्या सासरी."

"मुलगी तर ठाण्यात दिलीय ना?"

"हो."

"ठाण्यात पाणी नाही?"

सहदेवराव काहीच बोलले नाहीत. त्यांचं हे न बोलणं जाईबाईंना पुरलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगमध्ये ठाण्याची अवस्था आपल्यापेक्षा वाईट आहे ही बातमी पोचली आणि लोकांना जरा बरं वाटलं. टँकरवाला उशिरा आला तरी त्या आठवड्यात कुणी भांडलं नाही.

पुढच्या रविवारी गोपीनाथरावांकडे एक पाहुणे बसलेले होते. ते सखाराम, गोपीनाथरावांचे सकाळच्या फिरण्यातले सोबती. त्यांचं कोपर दुखत होतं.

"कोपराला चालतं ना?" गोपीनाथरावांनी विचारलं. "मी सांगितलं चालतं म्हणून. सांधा तो सांधा."

"वैद्यांना विचारून सांगतो," सहदेवराव म्हणाले.

"विचारलंच समजा. पुढच्या रविवारी तीन बाटल्या आणा. सखाराम, पथ्य मी सांगतो तुम्हाला."

कोपरालाही गुण यायला लागला. मग कुणाची तरी टाच आली, कुणाची तरी मान आली. वर्तकनगरातले चार-पाच म्हातारे रोज सकाळी पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन उपवनच्या तळ्याभोवती फिरू लागले आणि घोटाघोटाला "चव नाही, वास नाही" असं एकमेकांना सांगू लागले. इकडे मोरीत गाळणी तुंबत चालली होती. आधी अंग टाकल्यावर आतलं भांडं खाली जायचं. आता सहदेवराव वर बसले तरी जाईना. शेवटी त्यांच्या उजव्या खांद्यात अशी कळ यायला लागली की सदरा घालताना कलावतीबाईंना हात धरावा लागे.

ते गोपीनाथरावांच्या नजरेतून सुटलं नाही.

"खांदा दुखतोय? अहो, दिव्याखाली अंधार झाला की हा! स्वतः घेत नाही वाटतं औषध?"

"घेतो."

"दुप्पट घ्या. माझ्यासमोर घ्या."

त्यांनी सहदेवरावांना आपल्यासमोर अख्खी बाटली प्यायला लावली. दिव्याहून जपून आणलेलं पाणी दिव्याच्याच माणसाच्या पोटात गेलं. परतीच्या रिक्षात सहदेवरावांना पोटात आणि खांद्यात दोन्हीकडे जड वाटत होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी गोपीनाथरावांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षाही मोठा होता.

"पेडणेकर, आनंदाची बातमी! बीपीची गोळी बंद करतोय!"

सहदेवराव चहा पीत होते. कप तोंडाशीच राहिला.

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टर कशाला? औषध चालू आहे ना आपलं! गुडघ्याला लागू पडतं ते बीपीला पडणार नाही? आता गोळ्या-बिळ्या काही नाही. बरं, ठेवतो, सखारामांना सांगायचंय."

फोन बंद झाला. सहदेवरावांनी कप खाली ठेवला. एका थापेतून सुरू झालेली गोष्ट एका माणसाच्या जिवावर येऊ शकते हे त्यांना आत्ता समजलं. त्यांना गोपीनाथरावांचा खरोखर लळा लागला होता. असा मोठ्या आवाजाचा, पोटात काही न ठेवणारा माणूस त्यांच्या अख्ख्या नात्यात नव्हता.

"ऐकलंस?" ते कलावतीबाईंना म्हणाले.

"तिसऱ्या मजल्यावरही ऐकलं असेल. उठा. आत्ताच्या आत्ता जा आणि खरं काय ते सांगून या."

"प्राचीचं काय होईल?"

कलावतीबाई आत गेल्या. मग त्यांनी त्यांचा सदरा आणून खांद्याला धक्का न लागू देता घालून दिला. "तिला ऐकून घ्यावं लागेल थोडं. पण त्यांना काही झालं तर तिचा संसार कसा उभा राहणार? जा तुम्ही."

वाटेत सहदेवरावांनी वाक्यं जुळवली. "दळवीसाहेब, माझी मोठी चूक झाली," इथून सुरुवात करायची असं ठरलं. वर्तकनगरला पोचेपर्यंत ती सुरुवात "दळवीसाहेब, एक सांगायचं होतं" इतकी मवाळ झाली. दारावरची बेल वाजवली तेव्हा फक्त "दळवीसाहेब" एवढंच शिल्लक राहिलं होतं.

दार रतनताईंनी उघडलं.

"या ना. एकटेच? हे खाली गेलेत, सखारामभाऊंकडे. येतीलच."

रतनताई हळू आवाजात बोलायच्या. गोपीनाथरावांसोबत इतकी वर्षं राहिलेल्या माणसाला आवाज चढवायची सवय लागत नसावी. दोघांसाठी पुरेल इतका एकजण बोलत असतो. त्यांनी सहदेवरावांना सोफ्यावर बसवलं आणि पाण्याचा ग्लास आणून ठेवला. तोच फुलाफुलांचा ग्लास.

सहदेवरावांना राहवलं नाही. व्याह्यांसाठी जुळवलेली सगळी वाक्यं त्यांनी विहिणीसमोर एका दमात ओतली. कावीळ, बाटली, सोफ्याखाली दाबलेलं पाणी, न लावलेलं नाव, टँकर, सगळं सांगितलं. शेवटी हात जोडले आणि जोडताना खांद्यातून कळ आल्यामुळे डोळ्यांत पाणी आलं. ते पश्चात्तापाचं वाटलं असावं.

"वहिनी, काय शिक्षा करायची ती मला करा. पण दळवीसाहेबांना गोळी घ्यायला लावा. आत्ता, माझ्यासमोर."

रतनताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पाणी प्या आधी."

सहदेवरावांनी ग्लास उचलला. आता बाटलीचं नाव काढायची त्यांची हिंमत नव्हती. कावीळ झाली तर झाली, असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि सगळा ग्लास रिकामा केला.

"उकळलेलं आहे," रतनताई म्हणाल्या. "तुमच्या काविळीचं प्राचीने लग्नातच सांगितलेलं मला. त्या दिवशी जेवायला आलात, तेव्हाही सकाळी उकळून, गाळून, गार करून ठेवलेलं. फुलाचा ग्लास तुमचा म्हणून वेगळा ठेवला होता."

सहदेवरावांच्या हातात तो ग्लास तसाच राहिला.

"मग… मी ते पाणी बाटलीत ओतलं ते…"

"दिसलं ना मला. पापड विचारायला येत होते, दारातूनच बघितलं."

"आणि काही बोलला नाहीत?"

"बोलणारच होते. राग आलेला मला, खोटं कशाला सांगू? एवढं पाणी उकळलं आणि हा माणूस माझ्या सोफ्याखाली ते पुन्हा गाळतोय! म्हटलं, हे दोघे निघाले की प्राचीला विचारतेच. पण तोवर ह्यांनी पापडी परत पाठवली. लग्न झाल्यापासून ह्यांनी ताटातली तळलेली वस्तू परत पाठवलेली मी पाहिली नव्हती, भाऊजी. म्हटलं, थांबू जरा."

"पण गोळी?" सहदेवराव काकुळतीला आले. "गोळी बंद केली ना त्यांनी!"

"सकाळी बंद केलेली. तासाभरात चालू केली."

"कशी?"

"ठाकुर्लीहून निरोप आला ना वैद्यांचा. जुनी गोळी सोडली तर औषध उलटतं म्हणून. तुम्ही मला फोन करून सांगितलंत."

"मी?"

"तुम्हीच," रतनताई अगदी साधेपणाने म्हणाल्या. "याआधीही दोन-तीनदा केलाय तुम्ही फोन. मीठ कमी करायचं ते तुम्हीच सांगितलंत. तपासायला आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन यायचं तेही तुम्हीच सांगितलंत. काल गेलो आम्ही. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, पाण्याने काही बिघडत नाही, गोळी तेवढी चुकवू देऊ नका."

सहदेवरावांच्या अंगातला सगळा ताण एकदम उतरला आणि त्याच्या जागी एक वेगळंच आश्चर्य आलं. एक खोटं सांभाळताना त्यांचा खांदा निकामी झाला होता. ह्या बाई तेच खोटं गेले कित्येक दिवस त्यांच्या नावावर चालवत होत्या आणि मजेत भाजी निवडत होत्या.

"मग आता दळवीसाहेबांना खरं सांगू की नको?"

"अजिबात नको. एवढी वर्षं मी चाला म्हटलं, कमी खा म्हटलं, ऐकलं का माझं? घरच्या माणसाचं कोण ऐकतं? ठाकुर्लीचा माणूस बोलला की लगेच पटतं." रतनताईंनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "फक्त, भाऊजी, तुमच्या वैद्यांचं पथ्य फारच सोपं आहे हो. जरा कडक करायला हवं."

"म्हणजे?"

"म्हणजे रात्रीच्या बातम्या बारीक आवाजात ऐकायच्या. मोठ्या आवाजाने सांध्यांना हादरे बसतात."

"बसतात?"

"तुम्ही सांगितलंत तर बसतील. मग, प्राची ऑफिसातून दमून येते, तिने चप्पल काढायच्या आत आज जेवायला काय म्हणून विचारायचं नाही. जेवणाचा विषय तिन्हीसांजेला काढला की वात होतो. आणि भाजी पुढ्यात आली की ती आईच्या हातच्यासारखी झाली नाही असं म्हणायचं नाही. त्याने काय होतं ते तुम्हीच बघा."

"पित्त," सहदेवराव म्हणाले.

रतनताईंनी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं. "आणि दुपारचा चहा रुग्णाने स्वतःच्या हाताने करायचा. उभं राहून. गुडघ्याला तेवढाच व्यायाम."

जिन्यात आवाज आला. गोपीनाथराव वर येत होते आणि येता येता खालच्या मजल्यावरच्या कुणाला तरी जिना चढण्याचे फायदे सांगत होते. दारात येऊन त्यांनी सहदेवरावांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अरे, पेडणेकर! आज अवचित? औषध आणलंत?"

सहदेवरावांनी एकदा रतनताईंकडे पाहिलं. त्या भाजीची परात घेऊन सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या आणि मेथीची पानं खुडत होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं असं दिसत होतं.

"ठाकुर्लीला गेलेलो," सहदेवराव म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, कारण पुढचं आपोआप सुचत गेलं. "औषध झालं म्हणाले. पाण्यातून द्यायचा कोर्स संपला. आता फक्त पथ्य."

"औषध संपलं?" गोपीनाथराव हिरमुसले.

"तुमच्या अंगात मुरलं ते. सखारामभाऊंनाही तसंच सांगा. आता घरचंच पाणी उकळून प्यायचं, चालायचं, गोळी चुकवायची नाही. पण ह्यापुढचं पथ्य अवघड आहे म्हणाले. सगळ्यांना झेपत नाही."

"मला झेपेल! सांगा तुम्ही."

सहदेवरावांनी सांगितलं. बातम्यांचं सांगितलं, सुनेच्या चपलांचं सांगितलं, भाजीचं सांगितलं. प्रत्येक कलमाला गोपीनाथरावांच्या भुवया थोड्या थोड्या वर जात होत्या. चहाचं सांगून झालं तेव्हा त्या कपाळाच्या मध्यापर्यंत पोचल्या होत्या.

"स्वतःच्या हाताने?"

"उभं राहून."

"आजपासून?"

सहदेवरावांनी मेथीच्या दिशेला बघायचं टाळलं. "आत्तापासून म्हणाले."

गोपीनाथरावांनी बाह्या वर केल्या. मग स्वयंपाकघरात गेले. आतून डबे उघडल्याचे, झाकण पडल्याचे, चहाची पावडर कुठे ठेवतात म्हणून स्वतःलाच विचारल्याचे आवाज येऊ लागले. सहदेवरावांना वाईट वाटून ते मदतीला आत गेले. गोपीनाथराव गॅसपुढे पातेलं घेऊन उभे होते आणि गुडघे न दुखता उभे होते. व्याही आत आलेले पाहून त्यांनी दाराबाहेर एकदा डोकावलं आणि आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली येऊ शकतो हे सहदेवरावांना त्या दिवशी कळलं.

"पेडणेकर, एक विचारू? ह्या वैद्यांचं लग्न झालेलं आहे का हो?"

सहदेवराव दचकले. "झालेलं असावं."

"असणारच," गोपीनाथराव म्हणाले. त्यांनी पातेल्यात दूध ओतलं, साखरेचा डबा जवळ ओढला आणि चमचा शीग लावून भरला. मग तो हवेतच धरून त्यांनी आणखी हळू आवाजात विचारलं, "साखरेचं काही बोलले का ते?"

सहदेवराव तोंड उघडणार तोच बाहेरून, मेथी खुडता खुडता, रतनताईंचा शांत आवाज आला.

"अर्धा चमचा म्हणालेत."

गोपीनाथरावांनी सहदेवरावांकडे पाहिलं. सहदेवराव दुधाकडे पाहू लागले. ते बराच वेळ काही वर येत नव्हतं.

गोपीनाथरावांनी चमच्यातली अर्धी साखर डब्यात परत टाकली आणि मुकाट्याने चहा ढवळायला लागले.